रांगेतली तसबीर

(हसनाबाद येथील वसंत व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)



मला सवय गेटसभेची. पहिली पाळी सुटते आणि दुसरी लागते, त्या मधल्या दहा-पंधरा मिनिटांत जे काय सांगायचे ते सांगून मोकळे व्हावे लागते. ऐकणाऱ्याचा एक पाय सायकलच्या पायंडलावर असतो. येथे आपण सतरंजीवर निवांत बसला आहात आणि मला चांगला तासभर दिला आहे, त्यामुळे थोडे अवघडल्यासारखे होते. चालकांनी विषय विचारला तेव्हा किमान वेतन किंवा कामगार कायदा असे काही मी सांगेन अशी त्यांची अपेक्षा असावी. मी सांगितले, मेक्सिको देशातली एक चित्रकर्ती आणि तिच्या भोवतालची माणसे यांच्या तसबिरी. ते थोडा वेळ गप्प राहिले, पण त्यांनी विषय मान्य केला, याबद्दल त्यांचे आभार.

मी चित्रकलेचा जाणकार नाही. माझे शिक्षण बरेचसे युनियनच्या कचेरीतल्या पुस्तकांच्या कपाटासमोर झाले. पण फोटो हा आमच्या रोजच्या कामातला विषय आहे. कामगार नोकरीला लागला की गेटपासवर त्याचा फोटो चिकटतो. तो मालकाने काढवलेला असतो आणि आत कोणाला सोडावे हे पहारेकऱ्याला कळावे एवढाच त्याचा उपयोग. एका कारखान्यात आमच्या गेटसभेचे फोटो वरच्या खिडकीतून काढले गेले. पुढे खातेचौकशीत तेच फोटो टेबलावर आले, आणि त्यांतल्या एकेका डोक्यावर लाल शाईने गोल काढून त्याखाली नाव लिहिलेले होते. तीच सभा, तीच माणसे आमच्या एका सभासदानेही टिपली होती, आणि तो फोटो आम्ही कचेरीत लावला. त्यावर मात्र एकही नाव लिहिलेले नव्हते.

तेव्हापासून कोणताही फोटो पाहिला की मी तीन गोष्टी विचारतो. हा कोणी काढला? कोणासाठी काढला? आणि ह्यातल्या कोणाचे नाव लिहून ठेवले आहे? आज पडद्यावर ज्या तसबिरी आपण पाहणार आहोत त्या याच तीन प्रश्नांनी पाहू.

ही पहिली. १९२६ सालचा एका कुटुंबाचा फोटो. बायका लांब झग्यांत आहेत, आणि त्यांच्यात पुरुषाचा कोट, वास्कोट, टाय घालून एक तरणी मुलगी उभी आहे. ही फ्रिडा काहलो. जन्म ६ जुलै १९०७, मेक्सिको शहराजवळचे कोयोआकान. सहाव्या वर्षी पोलिओने तिचा उजवा पाय बारीक झाला. १७ सप्टेंबर १९२५ रोजी ती बसमधून घरी येत असताना बसला ट्रामची धडक बसली; पाठीचा कणा, कंबर, पाय, सगळे मोडले. हा फोटो त्या अपघातानंतर काही महिन्यांनी काढलेला आहे. मुलगी सरळ उभी आहे आणि तुमच्याआमच्याकडे नजर रोखून पाहते आहे. अंथरुणात पडल्या पडल्या ती चित्रे काढायला शिकली. आयुष्यात तिने जी सुमारे दीडशे चित्रे काढली, त्यांतली एक तृतीयांशाहून अधिक स्वतःच्याच चेहऱ्याची आहेत.

आता पहिला प्रश्न. हा फोटो कोणी काढला? तिच्या वडिलांनी. गियेर्मो काहलो हे जर्मनीतून मेक्सिकोत आलेले धंदेवाईक छायाचित्रकार. जुनी चर्चे, वाडे, सरकारी इमारती यांचे फोटो काढण्याचे काम त्यांना सरकारकडून मिळत असे. त्यांना फेफऱ्याचा आजार होता. लहान फ्रिडा त्यांच्याबरोबर कामावर जाई. रस्त्यात झटका आला तर वडिलांना सांभाळायचे आणि तेवढ्यात कॅमेरा कोणी पळवणार नाही हेही पाहायचे, हे तिचे काम. फोटो धुणे, त्यावर बारीक कुंचल्याने डाग झाकणे, रंग भरणे हेही ती वडिलांपाशी शिकली. आपल्याकडचे जुने फोटो स्टुडिओवाले ह्याला रिटचिंग म्हणत आणि त्यासाठी डोळे फोडून बसणारा एक माणूस दुकानाच्या मागच्या खोलीत असे. म्हणजे ही चित्रकर्ती एका कारागिराच्या घरात, हत्यारे हाताळत वाढली. कॅमेऱ्यापुढे कसे उभे राहावे हे तिला कोणी शिकवावे लागले नाही.

आता ही दुसरी तसबीर. जगात तिचे जे रूप सगळ्यांना ठाऊक आहे ते हे. १९३९ साली न्यूयॉर्कमध्ये निकोलस मरे नावाच्या छायाचित्रकाराने काढलेला रंगीत फोटो. गडद गुलाबी शाल, केसांत फुले, गळ्यात दागिने. फार देखणा फोटो आहे. हा वेश मात्र नुसता नटण्याचा नाही. मेक्सिकोच्या दक्षिणेस तेवांतेपेक म्हणून भाग आहे. तिथल्या बाजारात बसून व्यापार करणाऱ्या, घर चालवणाऱ्या बायकांचा हा पोशाख. आपल्याकडे एखाद्या शिकलेल्या शहरी बाईने हट्टाने बाजारकरणीचे नऊवारी लुगडे नेसावे, तसे. लांब घेराखाली तिचा बारीक पाय झाकला जाई आणि आपण कोणत्या लोकांच्या आहोत हेही न बोलता सांगता येई.

आज हा चेहरा पिशव्यांवर आहे, कपांवर आहे, उशांच्या अभ्र्यांवर आहे. शहरातल्या दुकानांत हा चेहरा छापलेले सदरे मिळतात. सदरा शिवणाऱ्या बाईला दर नगामागे किती मिळतात, हे त्या सदऱ्यावर छापलेले नसते. फ्रिडाला हे आवडले असते काय, हा वाद मी घालत नाही. माझे म्हणणे इतकेच की या फोटोत ती एकटी आहे. तिच्या भोवतालची माणसे कापून टाकली म्हणजे ती विकायला सोपी जाते. म्हणून आता मी तुम्हाला तिसरा फोटो दाखवतो. माझे आजचे व्याख्यान मुख्यतः त्याच्यासाठी आहे.

१ मे १९२९. मेक्सिको शहर. कामगार दिनाचा मोर्चा. रांगेत एक धिप्पाड, टोपी घातलेला माणूस चालतो आहे. तो दिएगो रिवेरा, त्या देशाचा मोठा चित्रकार. त्याच्या शेजारी साध्या कपड्यांत एक बुटकी मुलगी. फुले नाहीत, दागिने नाहीत. ही फ्रिडा, वय एकवीस. त्यांचे लग्न अजून व्हायचे आहे, ते त्याच वर्षी २१ ऑगस्टला झाले. त्या दिवशी तिला रस्त्यावरचा कोणी ओळखत नव्हता. ही माणसे कोणत्या संघटनेच्या रांगेत चालत आहेत? तिचे नाव ‘तंत्रकामगार, चित्रकार आणि शिल्पकार यांची संघटना’. होय, चित्रकारांची युनियन!

ही युनियन १९२० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत निघाली. मेक्सिकोत मोठी क्रांती होऊन गेली होती, बहुसंख्य जनता निरक्षर होती, आणि सरकारने शाळा-कचेऱ्यांच्या भिंती चित्रकारांना रंगवायला दिल्या. भिंतीवर काम करायचे म्हणजे परांचीवर चढायचे, ओल्या चुन्यावर तो सुकायच्या आत रंग बसवायचा. सोबत गवंडी हवा, चुना मळणारा हवा, रंग वाटणारा हवा. या चित्रकारांनी ठरवले की आपणही मजूरच आहोत, आणि श्रीमंताच्या दिवाणखान्यात टांगायच्या चित्रापेक्षा सर्वांना फुकट पाहता येईल अशी भिंत मोलाची आहे. त्यांनी १९२४ मध्ये एक वर्तमानपत्र काढले. ते भिंतीवर चिकटवता यावे म्हणून मोठ्या आकाराचे असे आणि त्यात लाकडी ठशांची चित्रे असत. नाव ‘एल माचेते’. माचेते म्हणजे कोयता. ऊसतोडणीला जाणारी माणसे आपल्या जिल्ह्यात काही थोडी नाहीत. त्यांच्या हिशोबात नवराबायकोच्या जोडीला ‘एक कोयता’ म्हणतात, म्हणजे माणसाचे नाव जाऊन हत्याराचे नाव उरते. तिथे त्याच हत्याराने वर्तमानपत्राला नाव दिले.

हा मोर्चाचा फोटो कोणी काढला? टीना मोदोत्ती हिने. ही बाई इटलीतल्या उदिने गावची, जन्म १८९६. गरिबीमुळे लहान वयात कापडाच्या कारखान्यात कामाला लागली. पुढे अमेरिकेत जाऊन शिवणकाम केले, नाटकांत आणि मूकपटांत कामे केली, आणि १९२३ मध्ये एडवर्ड वेस्टन या छायाचित्रकाराबरोबर मेक्सिकोत आली. त्याच्यापाशी ती फोटो काढायला शिकली. गुलाबाची फुले, जिने, दारूचे पेले असले सुंदर विषय तिने आरंभी टिपले. मग तिचा कॅमेरा हळूहळू रस्त्याकडे वळला. १९२६ च्या मोर्चाचा तिचा फोटो पाहा. वरून काढला आहे. एक चेहरा दिसत नाही, सगळ्या गवताच्या टोप्याच टोप्या, जणू पिकाने भरलेले शेत वाऱ्यावर चालले आहे. शेतकरी गोल करून ‘एल माचेते’ वाचत आहेत, हा दुसरा. १९२७ मधला हा तिसरा: फावड्याच्या दांड्यावर विसावलेले मजुराचे दोन हात. नखांत माती आहे, शिरा वर आल्या आहेत. आणि हा चौथा: एक विळा, एक काडतुसांचा पट्टा आणि एक मक्याचे कणीस.

हे कणीस मला तुमच्या गावापर्यंत आणून सोडणार आहे. भोकरदन तालुक्यात मका किती होतो हे मी तुम्हाला सांगायला नको. हे पीक मूळचे मेक्सिकोचे. तिथे तेओसिंते नावाचे एक रानगवत आहे. सुमारे नऊ हजार वर्षांपूर्वी तिथल्या माणसांनी निवडून निवडून त्याचा मका केला आणि मग तो जगभर गेला. त्या मक्याच्या मायदेशात, ज्या वेळी टीना फोटो काढत होती त्याच वेळी, मक्याच्या नव्या जाती तयार करण्याचे काम एक मराठी माणूस करत होता. पांडुरंग सदाशिव खानखोजे, मूळचे वर्ध्याचे.

खानखोजे तरुणपणी देश सोडून अमेरिकेत गेले, शेतीशास्त्र शिकले, आणि १९१३ मध्ये तिथे उभ्या राहिलेल्या गदर चळवळीच्या आरंभीच्या माणसांत होते. पहिल्या महायुद्धात ते इराणात इंग्रजांविरुद्ध लढले. मग जर्मनी, रशिया असे करत १९२४ मध्ये मेक्सिकोत पोहोचले. चापिंगो येथील राष्ट्रीय कृषिशाळेत ते प्राध्यापक झाले. तेओसिंते आणि मका यांचा संकर त्यांनी केला. शिवाय शेतकऱ्यांसाठी त्यांनी ‘मुक्त कृषिशाळा’ चालवल्या. शेतकऱ्याने गाव सोडून शाळेत जाण्याऐवजी शाळेनेच त्याच्या गावात यावे अशी ती कल्पना. त्यांतल्या एका शाळेला, शेतकऱ्यांना जमीन मिळावी म्हणून लढलेल्या एमिलियानो सापाताचे नाव दिले होते. या शाळांचे, तिथल्या शेतकऱ्यांचे आणि नव्या जातींच्या कणसांचे फोटो टीना मोदोत्तीने काढले.

दिएगो रिवेरा याच चापिंगोच्या शाळेतले जुने देऊळ १९२४ ते १९२७ या काळात रंगवत होता. येथे जमिनीचे शोषण शिकवले जाते, माणसाचे नव्हे, अशा अर्थाचे वाक्य तिथल्या जिन्यापाशी रंगवलेले आहे. जमिनीला तरी का पिळावे, असे आजचा शेतकरी विचारील. पण शंभर वर्षांपूर्वी हे वाक्य एका सरकारी शाळेच्या भिंतीवर लिहिले गेले, ही साधी गोष्ट नव्हे. चित्रकार, छायाचित्रकार आणि शेतीशास्त्रज्ञ एकमेकांच्या कामात मिसळले ते असे. मेक्सिको शहरातल्या शिक्षणखात्याच्या इमारतीत, तिसऱ्या मजल्यावर, रिवेराने १९२८ मध्ये एक भित्तिचित्र काढले. त्यात लाल सदरा घालून बंदुका वाटणारी मुलगी ती फ्रिडा. उजव्या कडेला काडतुसांचा पट्टा धरून उभी आहे ती टीना. त्याच मजल्यावर ‘आमची रोजची भाकर’ हे दुसरे चित्र आहे: टेबलाभोवती माणसे बसली आहेत आणि एकजण भाकरी मोडून वाटतो आहे. तो माणूस म्हणजे आपले वडील, असे खानखोज्यांच्या कन्या सावित्री साहनी यांचे सांगणे आहे. त्यांनी वडिलांचे चरित्र लिहिले, ते २००८ मध्ये इंग्रजीत प्रसिद्ध झाले. मराठीत वीणा गवाणकरांनी लिहिलेले चरित्रही आहे. आपल्या गावच्या वाचनालयाने ते आणावे, ही माझी सूचना.

खानखोजे पुढे भारतात परत आले, नागपुरास राहिले आणि २२ जानेवारी १९६७ रोजी तिथेच वारले. २०२२ मध्ये चापिंगोच्या विद्यापीठात लोकसभेच्या अध्यक्षांच्या हस्ते त्यांच्या पुतळ्याचे अनावरण झाले. म्हणजे फ्रिडाचा चेहरा जगाला ठाऊक आहे, खानखोज्यांचा आता थोडा ठाऊक होतो आहे. पण त्यांच्या शाळेतल्या फोटोंत जे शेतकरी बसले आहेत, त्यांचे काय?

येथे आपण तिसऱ्या प्रश्नाशी आलो. ज्या हातांचा फोटो टीनाने काढला ते हात जगातल्या मोठमोठ्या संग्रहालयांत आहेत, पण ते हात कोणाचे हे तसबिरीखाली लिहिलेले नाही. कोणी म्हणेल, ते सगळ्याच मजुरांचे प्रतीक आहेत. प्रतीकाला मजुरी मिळत नाही, मंडळी. मस्टरवर प्रतीकाचे नाव लिहीत नाहीत. मला टीनाबद्दल फार आदर आहे, आणि तिने किंमतही मोठी दिली. १० जानेवारी १९२९ रोजी तिचा जोडीदार, क्यूबाचा तरुण पुढारी हूलिओ आंतोनिओ मेया, रस्त्यात तिच्या शेजारी चालत असताना गोळ्या घालून मारला गेला. पोलिसांनी उलट तिचीच चौकशी केली. घराची झडती झाली, आणि तिचे खासगी फोटो वर्तमानपत्रांतून नाचवून तिच्या चारित्र्यावर चिखलफेक झाली. फोटो कोणाच्या हाती पडतो यावर काय अवलंबून असते हे तिच्याइतके कोणाला कळले असेल? तशाही स्थितीत चार महिने न होतात तोच ती मे दिनाच्या मोर्चात कॅमेरा घेऊन उभी होती. १९३० च्या फेब्रुवारीत तिला देशाबाहेर घालवले. पुढे स्पेनच्या यादवी युद्धात तिने जखमींची सेवा केली, आणि १९४२ मध्ये मेक्सिकोतच वारली. तिने मजुराकडे मान खाली घालून पाहिले नाही, की त्याची कीवही केली नाही. पण नाव लिहिण्याचे काम तिच्याकडून राहिले, आणि ते राहिले हे म्हणण्यात तिचा अपमान नाही.

आपल्याकडे तरी काय निराळे आहे? जालना हे बियाण्यांचे गाव. संकरित मक्याच्या प्लॉटवर मादी ओळींचे तुरे हातांनी उपटावे लागतात, नाहीतर बियाणे शुद्ध राहत नाही. कपाशीच्या प्लॉटवर एकेक फूल हाताने फलवावे लागते. ही कामे बहुतेक बायका आणि पोरी करतात. बियाण्याच्या पिशवीवर फोटो असतो टपोऱ्या कणसाचा, टचटचीत बोंडाचा. तो तुरा उपटणारा हात त्या पिशवीवर दिसत नाही. आणि आम्ही युनियनवाले काही याहून शहाणे नाही. नारायण मेघाजी लोखंडे यांची तसबीर आमच्या कचेऱ्यांत असते, आणि ती असलीच पाहिजे. १८८४ मध्ये त्यांनी गिरणी कामगारांची संघटना उभी केली, १८९० मध्ये रविवारची सुटी मिळवली. त्या सुटीसाठी मुंबईत जी मोठी सभा भरली, तीत दोन गिरणी कामगार बायांनीही भाषणे केली. त्या दोघींची तसबीर तुम्ही कुठल्या कचेरीत पाहिली आहे काय? आमच्या मोर्चांच्या फोटोंत पुढारी मध्ये असतो, त्याच्या गळ्यात हार असतो, आणि वर्तमानपत्रात खाली लिहिले जाते, ‘अमुक अमुक, आणि मागे जमलेला जनसमुदाय’. जमलेल्या माणसाने एका दिवसाची मजुरी बुडवलेली असते; हार घातलेल्याची बहुधा बुडालेली नसते.

आता शेवटची तसबीर. २ जुलै १९५४. त्याआधी काही दिवस शेजारच्या ग्वाटेमाला देशातले सरकार अमेरिकेच्या पाठबळाने उलथून टाकण्यात आले होते. त्या सरकारचा अपराध असा की, मोठ्या फळकंपनीची पडीक जमीन घेऊन त्याने ती भूमिहीनांना वाटली. त्याच्या निषेधाचा मोर्चा. चाकांच्या खुर्चीत फ्रिडा बसली आहे. आदल्या वर्षी तिचा पाय गुडघ्याखाली कापावा लागला होता, आणि न्यूमोनियातून ती पुरती उठलेलीही नव्हती. डॉक्टरांनी बाहेर पडू नको म्हणून सांगितले होते. केसांत फुले नाहीत, डोक्याला साधा रुमाल गुंडाळला आहे. हातात शांततेच्या कबुतराचा फलक. त्यानंतर अकरा दिवसांनी, १३ जुलैला, ती वारली. १९२९ चा फोटो आणि हा फोटो शेजारी शेजारी ठेवा. मधल्या पंचवीस वर्षांत ती जगभर गेली, तिची चित्रे पॅरिसला लागली, तिचे रंगीत फोटो निघाले. पण पहिल्या फोटोत ती जिथे होती, शेवटच्यातही तिथेच आहे, मोर्चात. म्हणून मी म्हणतो, गुलाबी शालीतला फोटो घरात लावायचा असेल तर जरूर लावा, पण हे दोन फोटो सोडून तो पाहू नका.

तिच्या घरी, आता संग्रहालय असलेल्या त्या निळ्या घरात, काही खोल्या पन्नास वर्षे बंद होत्या. २००४ मध्ये त्या उघडल्या तेव्हा आत सहा हजारांहून अधिक फोटो निघाले. वडिलांनी काढलेले, मित्रांनी दिलेले, नातलगांचे, सोबत्यांचे. कित्येकांच्या पाठीवर तिने स्वतःच्या हाताने लिहून ठेवले आहे. कोणाचा राग आला तर त्याला कात्रीने कापून काढले आहे, कोणावर प्रेम होते त्याच्या फोटोवर ओठांचा ठसा आहे. एवढा आजार, एवढी ऑपरेशने सोसणाऱ्या बाईने ही सहा हजार माणसांची वही सांभाळली.

आपल्याला सहा हजार नकोत. पण या गावातही फोटो आहेत. रोजगार हमीच्या कामावरचे असतील, दुष्काळातल्या चारा छावणीचे असतील, शाळेच्या पटांगणातले असतील, कोणाच्या लग्नाचे, कोणत्या आंदोलनाचे. आज तर प्रत्येकाच्या मोबाईलमध्ये शेकडो आहेत, आणि मोबाईल बिघडला की शेकडो जातातही. माझी तुम्हाला एकच विनंती आहे. असे दहा-वीस फोटो निवडा, कागदावर काढून घ्या, गावातल्या वडीलधाऱ्यांना आणि आयाबायांना भोवती बसवा, आणि प्रत्येक फोटोच्या पाठीवर डावीकडून उजवीकडे एकेकाचे नाव लिहा. नाव, काम आणि साल. हार घातलेल्याचे लिहा, आणि पाण्याचा हंडा घेऊन कडेला उभ्या असलेल्या बाईचेही लिहा. ज्यांची नावे सांगणारी माणसे आज हयात आहेत, त्यांची आजच लिहिली पाहिजेत. पाच वर्षांनी कोणाला विचारणार? आमच्या कचेरीतल्या त्या गेटसभेच्या फोटोचे हे काम आम्ही हाती घेतले आहे. मालकाने लाल शाईने नावे लिहिली ती आमच्या माणसांना कामावरून काढण्यासाठी. आम्ही ती निळ्या शाईने लिहितो आहोत, ती माणसे त्या दिवशी तिथे उभी होती हे त्यांच्या नातवंडांना कळावे म्हणून.